पंच्याऐंशी अंशांचा बर्फ

"मॅडम, बर्फ उकळला!"

मधल्या रांगेतून आवाज आला आणि दहावी ब खिदळली. टेबलावर स्टीलचा मग, मगात कुटलेला बर्फ आणि बर्फ बुडेल एवढं पाणी. त्यात करंगळीएवढी स्टीलची नळी, म्हणजे तापमानाचा सेन्सर. नळीतून निघालेली काळी वायर एका निळ्या बोर्डापर्यंत गेलेली, आणि बोर्डाला जोडलेल्या दोन ओळींच्या पडद्यावर आकडा: ८५.००.

पुढच्या रीडिंगला ०.३८. त्याच्या पुढच्यालाही ०.३८.

"आता गार झाला," तोच पोरगा म्हणाला. पुन्हा हशा.

संगणकाजवळ बसवलेली मुलगी मात्र हसत नव्हती. तिच्यासमोर फाईल उघडी होती. तिने मान वळवून विचारलं, "मॅडम, ती पहिली ओळ खोडू का?"

मी "खोड" म्हणणार होते. म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मी दौंड तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. सतरावं वर्ष चालू आहे. आम्ही बी.एस्सी.ला असताना एक कला शिकलो होतो, अभ्यासक्रमात नसलेली. तिचं नाव 'रीडिंग बसवणं'. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. दोरी शंभर सेंटिमीटर, वीस आंदोलनांना किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर बघायचं, त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. आम्ही तिघी मैत्रिणी उलट्या बाजूने यायचो. गुरुत्वत्वरण ९८० धरायचं, कॅल्क्युलेटरवर आवर्तकाल काढायचा, तो २.००७ सेकंद येतो, वीसने गुणलं की ४०.१. मग जर्नलमध्ये ४०.२, ४०.०, ४०.१ अशी तीन रीडिंगं. तिन्ही सारखी लिहायची नाहीत, संशय येतो. लंबक आपला स्टँडला लटकलेला असायचा, त्याला कोणी बोटही लावायचं नाही. उत्तर ९८२ आलं की सही.

शिक्षिका झाले आणि हीच कला मी पुढे दिली. मुद्दाम नाही हो. पस्तीस मिनिटांचा तास, एका वर्गात साठ पोरं, धड चालणारे थर्मामीटर चार. त्यातल्या एकाचा पारा मधूनच तुटलेला, तो झटकून झटकून हात दुखतो. पाणी तापवून दर मिनिटाला तापमान घ्या म्हटलं तर पुढचे दोन बाक घेणार, मागचे त्यांचं बघून लिहिणार, आणि शेवटचा बाक पुस्तकात बघून लिहिणार. शेवटच्या बाकाचं उत्तर सगळ्यात बरोबर यायचं.

दहावीच्या उष्णतेच्या धड्यात होपचं उपकरण आहे. ज्यांना शाळा सोडून वर्षं झालीत त्यांच्यासाठी सांगते: एक उंच नळकांडं, त्यात पाणी, नळकांड्याच्या मधोमध बाहेरून एक वाटीसारखा पट्टा आणि त्यात बर्फ-मिठाचं गोठण मिश्रण. एक थर्मामीटर खाली, एक वर. पाणी थंड होऊ लागलं की जड होऊन खाली जातं, म्हणून आधी खालचा थर्मामीटर उतरतो. पण ४ अंशांच्या खाली पाणी पुन्हा हलकं होतं, म्हणून खालचा ४ वर अडकतो आणि मग वरचा उतरत उतरत शून्याकडे जातो. पाण्याचं असंगत आचरण. थॉमस चार्ल्स होप नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने एडिंबरोत हे दाखवलं, त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली. पुस्तकात आलेख आहे, दोन वक्ररेषा एकमेकींना छेदून जातात. तो आलेख माझी पोरं डोळे मिटून काढतात. मीही फळ्यावर डोळे मिटून काढायचे. तो प्रयोग होताना मात्र मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. दीड-दोन तास लागतात, दोन माणसांनी दर मिनिटाला दोन थर्मामीटर वाचत बसायचं. कोणाला वेळ आहे?

सेन्सरचं खूळ डोक्यात कसं शिरलं त्याचीही गंमतच. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत आम्हा विज्ञान शिक्षकांची बैठक होती. तिथे अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाची ही योजना २०१६ पासूनची, निवडलेल्या शाळेला पाच वर्षांत मिळून वीस लाखांपर्यंत अनुदान. खोली बघायला मागितली तर किल्ली सापडेना. सापडली तेव्हा आत भिंतीवर सुंदर चित्रं, कपाटात सुंदर डबे, आणि डब्यांवरचं प्लास्टिक तसंच. "पोरं मोडतात हो," तिथले सर म्हणाले. त्यांच्यावर राग नाही माझा. वस्तू मोडली की डेड स्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहायचं, हा प्रश्न ज्याने झेललाय त्यालाच कळतो. पण घरी येईपर्यंत बसमध्ये मला दुसरं काही सुचलं नाही.

शाळांसाठी म्हणून जे परदेशी डेटा-लॉगर (आपोआप मोजून नोंद ठेवणारी यंत्रं) येतात त्यांच्या किमती बघितल्या आणि तो टॅब बंद केला. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने 'एक्सपाईज' नावाची डबी तयार केलीय, बरीच स्वस्त आणि भौतिकशास्त्रासाठी फार गुणी, ती पुढेमागे घ्यायचीच आहे. पण मला हवं होतं ते अगदी साधं. तापमान मोजत राहा, वेळेसकट लिहीत राहा, मी नसले तरी.

भाचा पुण्यात पॉलिटेक्निकला आहे. त्याला धरून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. ज्यांना ती गल्ली माहीत आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांना नाही त्यांनी स्कूटर घेऊन जाऊ नये. आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची नक्कल (आर्डुइनोचा पहिला बोर्ड २००५ साली इटलीत, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणूनच जन्माला आला), तापमानाचे दोन सेन्सर, मेमरी कार्डाची पट्टी, घड्याळाची चिप, पडदा, मूठभर वायरी. दीड हजार दिले, थोडे सुट्टे परत आले. घड्याळाच्या दोन चिप होत्या दुकानात. भाचा म्हणाला, "मावशी, डीएस३२३१ घे, ती वेळ नीट पाळते." ती महाग होती. मी डीएस१३०७ घेतली. मावशीचा काटकसरी स्वभाव पुढे नडणार आहे, लक्षात ठेवा.

घरी जोडणी केली तर पडद्यावर -१२७. दोन्ही सेन्सर -१२७. स्वयंपाकघरात, ऑगस्टमध्ये. पृथ्वीवर जमिनीवर मोजलेलं सगळ्यात कमी तापमान अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकचं, -८९.२, तेही १९८३ सालचं. माझं स्वयंपाकघर त्याला मागे टाकून गेलं होतं. व्हिडिओ कॉल लावला. भाच्याने वायरींकडे बघितलं आणि पहिला प्रश्न, "मावशी, रेझिस्टर लावलास का?" ४.७ किलोओहमचा, दाण्याएवढा, पिशवीच्या तळाशी तसाच पडलेला. तो लावला आणि २७.४४ आलं. -१२७ म्हणजे 'सेन्सर सापडत नाही' असं सांगायची त्या प्रोग्रॅमची रीत. बिचाऱ्याला शब्दात सांगता येत नाही, म्हणून कोणी खरं मानणारच नाही असा आकडा देतो. या सेन्सरमधली डीएस१८बी२० ही चिप तशीही -५५च्या खाली मोजतच नाही.

आता त्या ८५ कडे येऊ.

ही चिप चालू झाली की तिच्या पोटात आधीच एक आकडा भरलेला असतो, ८५. 'मोज' असं सांगितल्यावर ती पाऊण सेकंदात मोजते आणि तो आकडा पुसून खरा आकडा ठेवते. माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी वाच आणि मग मोज, असा क्रम उलटा पडला होता. म्हणजे दर वेळी वीज चालू झाली की पहिलं रीडिंग ८५. बर्फात असो की चहात.

त्या मुलीने "खोडू का" विचारलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की हा आकडा चुकीचा आहे. आणि चुकीचा म्हणून खोडायचा, हेच तर मी सतरा वर्षं शिकवत आले. म्हणून म्हटलं, "थांब. का आला ते कळल्यावर खोडू." रात्री भाच्याला विचारलं, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, आणि मग तिने ती ओळ खोडली नाहीच, शेजारच्या रकान्यात लिहिलं, 'चालू करतानाचा आकडा, तापमान नाही'. हे मी सांगितलेलं नव्हतं.

बर्फाच्या मगाचं काम वेगळंच होतं. दोन्ही सेन्सर एकाच मगात ठेवले तर एक ०.३८ दाखवतो, दुसरा -०.०६. बर्फ एकच. पोरं गोंधळली. कोणता बरोबर? कंपनी म्हणते -१० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची चूक चालायची, म्हणजे दोघंही आपापल्या जागी निर्दोष. मग आम्ही सेन्सरांना रंगाचे टेप लावले, लाल आणि निळा, आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं: लाल ०.३८ जास्त सांगतो, निळा ०.०६ कमी सांगतो. "म्हणजे आमच्या आजीचं घड्याळ," एक जण म्हणाला, "दहा मिनिटं पुढे आहे, पण सगळ्यांना माहिताय." अगदी तसंच. (मगात पाणी हवंच बरं का. नुसता फ्रीजरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो.)

होपचा प्रयोग शनिवारी सकाळी केला. पाण्याची एक लिटरची सरळसोट बाटली, वरचा भाग कापून टाकलेला. श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्याला बुडाशी भोक पाडून बाटली त्यातून आरपार घातली आणि सांध्याला एम-सील लावलं. एम-सील रात्रभर वाळू द्यायचं असतं. आम्ही तासभर दिलं, त्यामुळे पहिलं मिठाचं पाणी माझ्या साडीवर. दुसऱ्यांदा जमलं. कुल्फीवाल्याकडून बर्फाचा तुकडा, पोत्यात घालून बत्त्याने कुटला, त्यात खडे मीठ. लाल सेन्सर बुडाशी, निळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन बोटं. बाटलीतलं पाणी आधीच मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या फ्रीजमध्ये ठेवून १३ अंशांवर आणलं होतं, नाहीतर दिवस गेला असता. दर पाच सेकंदांनी नोंद.

पहिली दहा मिनिटं सगळे पडद्याला चिकटून. मग हळूहळू पांगले. एवढंच मला हवं होतं, खरं सांगायचं तर. थर्मामीटर हातात असता तर प्रत्येकाचं लक्ष पाऱ्यावर राहिलं असतं. इथे पोरं बाटलीकडे बघायला मोकळी होती. एकीने बाटलीला हात लावून सांगितलं की खालून गार लागतंय, वरून नाही. एकाने विचारलं, शाई टाकू का? टाकली एक थेंब, मधोमध. ती शाई सावकाश खाली सरकली. पुस्तकातला बाण आम्हाला दिसला.

साधारण पस्तीस मिनिटांनी लाल रेघ सपाट झाली. ४.४४. पाच मिनिटं झाली, ४.४४. दहा मिनिटं झाली, मध्ये एकदा ४.५० आणि परत ४.४४. निळी अजून ११च्या आसपास निवांत. मग निळी हलली. आधी सावकाश, मग घरंगळल्यासारखी. तासाभराच्या आत तिने लाल रेघ ओलांडली आणि खाली गेली, ३, २, १.२. आणि लाल तिथेच, ४.४४ वर, हट्टाने बसलेली. माझ्या अंगावर काटा आला, लपवत नाही. सतरा वर्षं जी रेघ खडूने काढली ती स्वतःहून उमटत होती.

आणि तेव्हाच मागून कुजबुज: "चार पाहिजे ना? चार पूर्णांक चव्वेचाळीस कसं?" "लिही चार." "चारच लिही, मार्क जातील."

मी काही बोलायच्या आधी आजीच्या घड्याळवाल्याने फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लाल ०.३८ जास्त सांगतो. वजाबाकी झाली. ४.०६. पुस्तकात ४, बारकाईने मोजलं तर ३.९८. वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातून मराठीच्या मॅडम बघायला आल्या.

या दोन गोष्टींतला फरक पोरांना समजावताना माझ्याच डोक्यात लख्ख झाला. ८५ बाजूला काढला तो का, हे आम्हाला माहीत होतं. ४.४४ चा ४.०६ केला तो का, हेही माहीत होतं, आणि तो आकडा प्रयोगाच्या आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेला होता. ४.४४ चा थेट ४ केला असता तर त्याला कारण एकच, पुस्तक. लंबकाला हात न लावता आम्ही तिघींनी जे केलं तेच.

उकळत्या पाण्याचा मात्र गुंता अजून पुरता सुटलेला नाही. पाणी १०० अंशांना उकळतं, हे बालवाडीपासून पाठ. आमच्या शाळेत लाल सेन्सर ९८.६९ वर अडकतो, ०.३८ वजा केले तर ९८.३१. दौंड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या थोडं वर, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९८.३ लाच उकळायला हवं. छान जुळलं, असं म्हणून मी खूश. पण ८५च्या वर या चिपची हमी अर्ध्या अंशाची राहत नाही, दोन अंशांची होते. आणि बर्फात जेवढी चूक तेवढीच उकळत्या पाण्यात असेल असं कोणी सांगितलं? म्हणजे आमचं उत्तर बरोबर आलं असेल किंवा योगायोगाने आलं असेल. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मग काय उपयोग?"

उपयोग डिसेंबरच्या सहलीत सापडला. महाबळेश्वर, उंची सुमारे १३५० मीटर. मुक्कामाच्या हॉलमध्ये इलेक्ट्रिक किटली होती, झाकण उघडं ठेवलं की ती आपोआप बंद होत नाही. तोच लाल सेन्सर, पॉवर बँकेवर. आकडा आला ९५.८८. सेन्सर खोटारडा असेल, पण दोन्ही गावांत सारखाच खोटारडा आहे. दोन आकड्यांतला फरक २.८१. उंचीवरून हिशेब केला तर २.८ च्या जवळपास यायला हवा. सेन्सर एक, पाणी दोन ठिकाणचं, आणि भांडण मिटलं. तिकडे पोरांना डाळ का शिजत नाही हा प्रश्न सुटल्याचा जास्त आनंद झाला. स्वयंपाकीकाका संध्याकाळपासून त्या डाळीवर वैतागले होते.

एप्रिलमध्ये नववीला घेऊन माठ केले. माझा सगळ्यात आवडता प्रयोग हा, कारण यात कोणालाच उत्तर माहीत नव्हतं, मला धरून. कुंभाराकडून दोन सारखे माठ आणले. एक तसाच ठेवला, दुसऱ्याला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात. दोन्हीत नळाचं पाणी, दोन्हीत एकेक सेन्सर, तिसरा खोलीच्या हवेत. तिन्ही सेन्सर एकाच वायरवर चालतात, कारण प्रत्येकाच्या पोटात त्याचा स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असतो, आपल्या आधारसारखा. शिवाय आर्द्रतेसाठी पांढरा डीएचटी२२. निळा डीएचटी११ स्वस्त मिळतो, पण आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली गेली की त्याला मोजता येत नाही, आणि आमच्याकडची एप्रिलची दुपार तिथेच असते. शनिवारी दुपारी बाराला चालू केलं, दर मिनिटाला एक नोंद, आणि कुलूप लावून घरी.

सोमवारी सकाळच्या शाळेत फाईल उघडली. अडीच हजारांच्या वर ओळी. खोलीची हवा रविवारी दुपारी ३९.३ पर्यंत चढलेली, साधा माठ २५ आणि २६ च्या मध्ये, रंगवलेला ३३ च्या पुढे. चौदा अंशांचा फरक, विजेशिवाय, कंप्रेसरशिवाय, कुंभाराच्या मातीतल्या भोकांमुळे. झिरपलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, रंगाने ती भोकं बुजली. तेवढ्या कोरड्या हवेत ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २१-२२ दाखवेल. माठ त्याच्या खाली कितीही झालं तरी जाणार नाही. माझी बहीण रत्नागिरीला असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे माठ म्हणजे नुसती शोभा." खरंच आहे, तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली, माठातलं पाणी वाफ होऊन जाणार कुठे?

पण त्या फाईलमध्ये एक भगदाड होतं. रविवारी ११.२० नंतर एकदम १२.०७. सत्तेचाळीस मिनिटं काहीच नाही. आणि १२.०७ च्या ओळीत तिन्ही सेन्सर: ८५, ८५, ८५. (प्रोग्रॅममधली ती चूक मी सुधारली नव्हती. आता मुद्दाम सुधारत नाही.) नववीच्या पोरांना दहावीची बर्फाची गोष्ट माहीत होती. "वीज गेली होती," एक म्हणाला. दुसरीला ते पटलं नाही. तिने गावातल्या मावशीला विचारून आणलं, रविवारी सकाळपासून लाईट होती. मग कोणीतरी प्लग काढला. रविवारी शाळेची किल्ली कोणाकडे?

शिपाई मामा झाडांना पाणी घालायला आले होते. मोबाईलची बॅटरी संपलेली, प्रयोगशाळेत एकच पॉइंट चालू. "पाऊण तास फक्त लावला होता मॅडम," ते म्हणाले, आणि मग अचंब्याने, "हे त्या डबीने सांगितलं?" त्या दिवसापासून मामा त्या बोर्डाकडे जरा दबकून बघतात.

तक्रारीही आहेत. पहिल्या वर्षी मी हुरळून सगळंच सेन्सरवर टाकलं, तर पोरांना थर्मामीटर वाचता येईना. डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेवायचा, दोन खुणांच्या मध्ये अंदाज घ्यायचा, हे हातालाच शिकावं लागतं. आता नियम केलाय, पहिली दहा रीडिंगं डोळ्यांनी, मग डबी. फोनमधले सेन्सर वापरायचा मोहही आवरावा लागतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे फुकटचं अ‍ॅप उत्तम आहे, पाच मीटरवर दोन फोन ठेवून दोन टाळ्यांत आवाजाचा वेग निघतो, पण शाळेत फोन आणायला बंदी असताना माझा आणि गणिताच्या सरांचा असे दोनच फोन मिळतात, आणि सरांचा फोन अर्धा वेळ विम्याच्या कॉलवर. आणखी एक, अडीच हजार ओळी बघून काही पोरं घाबरतात. त्यांना मी सांगते, आधी आलेख बघा, ओळी नंतर. पण खरं तर मीच अजून ओळीच आधी बघते. भगदाडं ओळींतच सापडतात.

माठाच्या त्या सोमवारनंतर मी बोर्डाच्या प्लगवर कागद चिकटवला, 'काढू नये'. मामांनी तो वाचला, काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी बघते तर प्लगशेजारी खिळ्याला दोऱ्याने वही टांगलेली, जुनी, शंभर पानी. पहिल्या पानावर मामांचं अक्षर: 'दु. २.१० काढला. २.४० लावला. नळाची मोटर.'

यंदाच्या मार्चमध्ये नववीची पोरं ती वही आणि फाईल ताडून बघत होती. हा आता त्यांचा खेळच झालाय. मामांच्या वहीत ११.३०, फाईलमध्ये शेवटची ओळ ११.२६. वहीत ३.०५, फाईलमध्ये ३.०१. प्रत्येक वेळी चार मिनिटं. "मामांचं घड्याळ पुढे आहे," पोरांनी निकाल दिला. मामांना बोलावलं. त्यांनी मनगट पुढे केलं, मी माझा फोन काढला. दोन्हीत एकच वेळ. बोर्डाच्या पडद्यावर चार मिनिटं कमी.

भाच्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "डीएस१३०७ ना? सांगितलं होतं मावशी."

फळ्याच्या कोपऱ्यात आता तिसरी ओळ आहे. लाल ०.३८ जास्त सांगतो, निळा ०.०६ कमी सांगतो, डबी चार मिनिटं मागे. खाली कोणीतरी खडूने लिहिलंय: मामा बरोबर.